पट्टीपर्यंत पाणी

मावशीच्या राज्यात अपुरं भरलेलं भांडं टिकत नसे. घरी सुनेने अर्धा पेला पिऊन पाठ फिरवली की तो पुन्हा काठोकाठ. सून बिचारी एकच पेला आठवडाभर पीत होती, असं शेजारी सांगत. शाळेत झाडलोट आणि पाणी भरणं मावशीकडे होतं, एकोणीस वर्षं.

त्या वर्षी बालवर्गाला नव्या बाई आल्या, सहा महिन्यांच्या बोलीवर. त्यांचा पुस्तकापेक्षा पाण्यावर भरवसा. बावीस पोरं टबात किल्ल्या, खडू, चेंडू, एकदा तर बाईंची चप्पल टाकून पाहत, काय तरंगतं आणि काय तळ गाठतं. चाळणीने पाणी आणायची शर्यत तर अशी रंगली, की एक बाकडं तरंगत दारापर्यंत गेलं म्हणतात. मावशी पुसायला आली तेव्हा ते दाराशी होतं, एवढं खरं.

सोमवारी बाईंनी खिडकीत काचेची पसरट बशी, काचेचा पेला आणि बूच लावलेली बाटली पाणी भरून ठेवली. पाणी जिथवर, तिथे पोरांनी बाहेरून लाल पट्टी चिकटवली. शुक्रवारी शाळेच्या मोठ्या बाई तपासणीला यायच्या होत्या. त्यांचा दंडक एकच: मुलांनी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. पाणी हवेत जातं हे मुलांना दिसलं, तर बाईंची नोकरी कायम, नाहीतर रामराम.

मावशीच्या कानावर यातलं काहीच नव्हतं. मंगळवारी सकाळी कुलूप काढलं तर बशीतलं पाणी पट्टीखाली, पेल्यातलंही थोडं. पोरांनी सांडलं असणार, आणि बोल बाईंना लागणार! तिने चमचा घेतला आणि पट्टीपर्यंत पाणी भरलं. बुधवारी तेच, गुरुवारी तेच, शुक्रवारीही तेच. भलं केल्याचा गवगवा करायची तिला सवय नव्हती.

पोरं रोज आल्या आल्या खिडकीशी धावत आणि रोज तेच सांगत, "बाई, काहीच गेलं नाही!" गुरुवारपर्यंत बाईंचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा पिळवटून गेला.

शुक्रवारी मोठ्या बाई खिडकीशी वाकल्या. मावशी फरशी पुसत होती.

"चार दिवसांत थेंबही गेला नाही?"

"आमचं पाणी हट्टी आहे," एक दातपडकी म्हणाली.

"पाणी कुठंच जात नाही," तिच्या शेजारचा गुबगुबीत म्हणाला. "बाई उगीच सांगतात."

बाईंनी मान खाली घातली. मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं. या मोठ्या बाईंनी एका शिपायाला नुसती जांभई दिली म्हणून घरी धाडलं होतं. मावशीने फडकं बादलीत सोडलं.

"गेलं होतं हो पाणी. मी भरलं."

"कधी?"

"रोज सकाळी. मुलं यायच्या आधी."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? कमी दिसलं, भरलं."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी, ते कमीच व्हायला हवं होतं!"

"मग तसं बोलायचं की! एकोणीस वर्षांत 'भरू नका' असं मला कोणी म्हणालं नाही."

मोठ्या बाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "किती भरलंत?"

"बशीत रोज नऊ चमचे. पेल्यात दोन."

"बाटलीत?"

"तिला कुठं लागलं! चार दिवसांत एक थेंब मागितला नाही तिनं."

दातपडकी किंचाळली, "तिला बूच आहे!"

"आणि बशीचं तोंड केवढं मोठंय!" गुबगुबीत म्हणाला. "तिकडून जास्त पळालं!"

"मला सांगू नका," मोठ्या बाई म्हणाल्या, "दाखवा."

मग मावशीला वर्गाच्या मधोमध बसवलं. बशीचे चार दिवसांचे छत्तीस चमचे तिने एका गंजात ओतले, पेल्याचे आठ दुसऱ्यात. पोरं मोठ्याने मोजत होती; तेविसाव्याला भांडण झालं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. बाटलीच्या नावाचा गंज रिकामाच राहिला. बाविसांनी एकेक करून त्यात डोकावून खात्री केली. दोघांनी तर हात घालून.

मोठ्या बाईंनी उभ्याउभ्याच बाईंच्या नावापुढे 'कायम' लिहिलं. मावशीसाठी त्या कागदावर रकानाच नव्हता.