गॅलरीतली अर्डिस

"आमदार टोलेफसन, वर गॅलरीत आज तरी कुणी आहे का तुमचं?" अध्यक्षांनी विचारलं आणि सभागृहात हशा पिकला.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक आमदाराने गॅलरीत बसलेल्या घरच्या माणसाची ओळख करून द्यायची आणि सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवायच्या, अशी तिथली रीत. ऑर्विल टोलेफसन मात्र दरवर्षी "कुणी नाही" म्हणून खाली बसायचा. अमेरिकेतल्या साउथ डकोटात विधानसभेचं अधिवेशन यायचं ते नेमकं गाई विण्याच्या दिवसांत. तो इथे कायद्यांवर घसा कोरडा करायचा, तेव्हा तिकडे त्यांच्या गुरांच्या रँचवर त्याची बायको अर्डिस एकटी बर्फवाऱ्यात अडलेली वासरं ओढून काढत असायची.

"तुला बायको खरंच आहे, की मतांसाठी सांगतोस?" शेजारच्या बाकावरचा लायल डिवचायचा. ऑर्विल हसण्यावारी न्यायचा. पण इतरांच्या बायका वर उभ्या राहिल्या की तो मान खाली घालून कागद चाळत बसायचा.

यंदा तो उठला. पुन्हा निवडणूक लढवायची नाही, हे ठरलंच होतं.

"आहे. माझी बायको, अर्डिस."

निळ्या ड्रेसमधली अर्डिस उभी राहिली. पाठोपाठ सगळं सभागृह उठलं, लायलने तर शिट्टीच मारली. अर्डिसला हात कुठे ठेवावेत कळेना. एवढंच तर हवं होतं आपल्याला, ऑर्विलच्या मनात आलं.

परतताना गाडीत तो म्हणाला, "बघ! उगाच इतकी वर्षं आली नाहीस."

"आणि गाईंना काय सांगणार होते? साहेबांचं भाषण चाललंय, जरा दम धरा?"

तो खदखदून हसला. "पुढच्या वर्षी तू झोप खुशाल. वासरं मी ओढतो."

दरवर्षी फोनवर तो हेच म्हणायचा. अर्डिसने दुखरा खांदा चोळला.

"ऑर्विल, गाई विकल्या ना आपण. माझा खांदा गेला म्हणून. नाहीतर आज मी आले असते होय?"

घर आलं.

गाडीतून उतरून दोघं सवयीने गोठ्याकडेच वळली. आत सगळं झाडून लख्ख होतं. खिळ्यावर वासरं ओढायची साखळी तेवढी होती. ऑर्विलने कोट काढला, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि साखळी हातात घेतली.

"अशी गार नाही लावायची वासराच्या पायाला," अर्डिस म्हणाली.

"ठाऊक आहे गं," तो म्हणाला आणि बादली घेऊन कोमट पाणी आणायला गेला.