आबांच्या तुरीतली मेंढी

आबा, आमचे वडील, गेले तेव्हा त्यांचं डोकं माझ्या धाकट्या बहिणीच्या, इंद्रायणीच्या मांडीवर होतं. मी जालन्यात, बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत. तेराव्याला भावकीनं आबांची घोंगडीही तिच्याच खांद्यावर टाकली. सेवा केली त्याची घोंगडी, ही आमच्याकडची रीत. ती रडत होती आणि मी तिच्या खांद्याकडे बघत होते.

मला उरली तूर. आबांच्या तुरीला कधी भुंगा लागला नाही. तिच्यात भुंग्याला रोखणारं एखादं वेगळं प्रथिन असेल तर ते मी शोधणार होते आणि त्याला आबांचं नाव देणार होते, मल्हारी. एवढं तरी इंद्रायणीच्या हातातलं नव्हतं.

तिनं गावाकडून, वडीगोद्रीहून, पिशवीभर तूर पाठवली. मी दाणे कुटून प्रथिनं वेगळी केली. जेलच्या पातळ थरावर प्रत्येक प्रथिनाचा वेगळा पट्टा उमटतो; त्यांत एक पट्टा असा दिसला, जो बाजारच्या तुरीत नव्हता. तो हैदराबादच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथून त्याच्या तुकड्यांतल्या अमिनो आम्लांचा क्रम, एकेका आम्लाला एकेक अक्षर असा, ई-मेलनं आला. त्या अक्षरांवरून प्रथिन कोणत्या जिवाच्या जनुकातून आलं ते शोधता येतं, जगभरच्या नोंदींशी ताडून. टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट दोनदा तुटलं. मग उत्तर आलं: मेंढी. लोकरीतलं केराटिन.

पुन्हा ताडलं. पुन्हा मेंढीच.

मी फोन लावला. "इंदू, तूर कशात ठेवली होतीस?"

"कशात म्हंजे? आबांच्या घोंगडीत. आबा तसंच ठेवायचे न्हाई का?"

"कोऱ्या कापडात बांध म्हणून बजावलं होतं मी!"

"आबांच्या बियाला कोरं कापड? लई शाणी झालीस अक्का. काय निघालं तुरीत?"

"मेंढी."

ती हसत सुटली. "मंग बराबर हाये की! मेंढक्याच्या घरची तूर." हसू ओसरल्यावर म्हणाली, "घोंगडी पाह्यजे का तुला? सरळ सांग ना. तूर काढल्यापासून मी रोज पांघरून राह्यले. आबांचा वास हाये अजून तिला."

"नको. ताजी तूर पाठव. कोऱ्या कापडात."

उरलेली तूर मी पांढऱ्या कागदावर ओतली. दाण्यांत काळे, राठ केस होते, थोडेच. असा नमुना फेकून द्यायचा असतो. मी चिमट्यानं केस वेचले आणि नाकाशी धरले. कसलाच वास नव्हता.

ते काचेच्या नळीत घालून बूच लावलं. चिठ्ठीवर लिहिलं, मल्हारी. इंद्रायणीला मी हे सांगणार नाही.