वरची तापी, खालची तापी

हे तुम्ही मानणार नाही. मानलंत तर मलाच तुमची काळजी वाटेल. सुरतेच्या डिंडोलीत मी एवढी वर्षं राहतोय, पण माझं एक वाक्यही कुणी सरळ मानलेलं नाही, आणि मी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. पण ही गोष्ट तापीची आहे, आणि तापीबद्दल मी खोटं बोलत नाही. निदान उभ्यानं तरी नाही. बसलं की थोडं इकडचं तिकडे होतं.

त्या दिवशी मी बसलेला होतो. लूम्सच्या खात्याला, म्हणजे आमच्या कारखान्याला, सुट्टी होती, गल्लीतली लाइट गेलेली, म्हणून सगळे ओट्यावर. समोर संदीप आणि नितीन, माझ्याच खात्यातले कारीगर. बाजूला आमची सुभद्रा सुपात दादर ज्वारी निवडत होती. नितीननं विचारलं, छगनदादा, तुमचा मेहुणा हेमराज मशीन सोडून गेला कुठं? म्हटलं, ऐका मग. गालातल्या गालात हसायचं ते आत्ताच हसून घ्या.

हेमराज हा सुभद्राचा धाकटा भाऊ. आम्ही दोघंही जातीचे भोई, तापीकाठचे, तिकडे खानदेशात प्रकाशा गावाजवळचे. बापजाद्यांनी नदीत जाळी टाकली, आम्ही सुरतेला येऊन साडीचं कापड विणलं. हेमराज मिसरूड फुटायच्या आत मशीनवर उभा राहिला. खात्यातला माणूस मशीनच्या खडखडाटानं हळूहळू बहिरा होतो हे आमच्यात कुणी सांगत नाही, कारण सांगितलं तरी ऐकणार कोण? आम्ही ओठ बघून बोलतो आणि हातानं ऐकतो. मशीनवर तळवा ठेवला की धागा कुठं तुटला ते कळतं.

पण रस्त्यावर तळवा कुठं ठेवणार? एके दिवशी पोरगी उज्ज्वला मागून हाका मारत राहिली, अंगावर टेम्पो आला, तरी हा वळला नाही. लोकांनी ओढून बाजूला केला. डॉक्टरनं कान तपासले आणि सांगितलं, गेलं ते गेलं. मशीनपासून लांब राहिलास तर उरलंय तेवढं उरेल. लांब राहा म्हणायला डॉक्टरचं काय जातं. लांब राहून खायचं काय, हा प्रश्न होता.

तेव्हा तारबेन आली. तारबेन म्हणजे समुद्रकाठच्या डुमसकडची माछी बाई, आपल्या गल्लीत मासळीची टोपली घेऊन येते ती. तिचा नवरा वारला होता. मुलं हिऱ्याच्या कामाला. खाडीत तिच्या घराची एक जागा होती: चिखलात रोवलेले दोन जाडजूड खुंटे, त्यांच्यामध्ये बांधायचं लांब शेपटीचं जाळं. त्यांच्यात रीत अशी की खुंट्याची जागा मोकळी ठेवायची नाही. मोकळी राहिली तर दुसऱ्याची होते, आणि तिचा दीर त्यासाठी टपलेलाच होता. हेमराज भोई आहे असं सुभद्राकडून कळल्यावर ती म्हणाली, येऊ दे. अमावस्येच्या उधाणात जाळं भरून दाखव, जागा तुझी. नाही भरलं तर दिराची. हेमराजच्या बाजूनं एवढंच होतं: खुंटा मिळाला तर कान वाचतील, नाही तर परत खातं.

मी सोबत गेलो. थोरला माणूस हवाच ना कुणीतरी.

पहिल्या दिवशी हेमराजनं जाळं बांधलं अगदी घरच्यासारखं. तोंड शहराकडे, म्हणजे वरच्या अंगाला, कारण नदी वरून येते आणि मासा तिच्याबरोबर येतो. चारही गाठी अशा मारल्या की हत्ती बांधला असता. ओहोटी जोरात होती, शेपटी फुगत गेली, आत बोयी मासळ्या उड्या मारू लागल्या. हेमराज हसला. आम्ही तारबेनच्या झोपडीत चहा प्यायला गेलो, बिस्किटं खाल्ली, मी दोन गोष्टी सांगितल्या. परत आलो तर जाळं उलटं झालेलं. उशीचा अभ्रा झटकताना करतो ना, तसं. आतलं बाहेर आणि सगळं रिकामं. आणि नदी? नदी शहराकडे चालली होती. संदीप, देवाशपथ सांगतो, तापी उलटी वाहत होती, खानदेशाच्या दिशेनं, जणू माहेरी काही विसरून आलीय.

हेमराज काठावर मटकन बसला. प्रकाशाच्या माणसाला नदी खाली जाते एवढंच ठाऊक. पूर आला तरी खाली, आटली तरी खाली. भरतीचं ऐकलं होतं, पण ते समुद्राचं. समुद्र नदीच्या घरात शिरून तिला मागे ढकलतो, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. माझ्याही नव्हतं, पण मी चेहरा माहीत असल्यासारखा ठेवला.

तारबेन लांबून येत होती. रागावली नाही. चिखल तुडवत आली आणि त्याच्याजवळ उकिडवी बसली.

"नदी एकाच बाजूला जाते असं तुला कोणी सांगितलं, दीकरा?"

हेमराजनं तिचे ओठ वाचले आणि मान खाली घातली. पाणी वळेल तसं जाळं वळवायचं असतं, ती सांगत होती. केव्हा वळवायचं ते मात्र तिनं सांगितलं नाही. ते तिच्या नवऱ्याला कळायला अर्धा जन्म गेला होता, म्हणाली. उधाणाची एकच सकाळ उरली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओहोटी सरत आली असताना पोचलो. मी तुम्हाला सुरत दाखवतो असं रोज म्हणतो, पण तुम्ही सुरत पाहिलेलीच नाही. पाणी उतरलं होतं आणि जिथवर नजर जाईल तिथवर चिखल, साय धरल्यासारखा चमकत होता. आणि तो चिखल जिवंत होता. लेवटे म्हणजे मासेच, पण डोळे डोक्यावर, आणि चालतात छातीच्या परांवर, कुबड्या घेतल्यासारखे. नर हवेत उंच उडी मारतो आणि सगळं अंग दाखवून परत चिखलात पडतो. मादी बघते की नाही त्यालाच ठाऊक. एक लेवटा माझ्या गुडघ्यावर चढला, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवून उतरला. पलीकडे खेकडे, एकेक नांगी अंगाएवढी, लाल. हजारो खेकडे ती नांगी एकदम वर करत होते, एकदम खाली. सलामी देत होते. कुणाला, ते मी सांगणार नाही; मी नम्र माणूस आहे.

काठानं तिवरांची झाडं. त्यांची मुळं चिखलातून वर आलेली, पेन्सिली रोवल्यासारखी, श्वास घ्यायला. त्या मुळांच्या मधल्या पाण्यात हेमराजनं ओंजळ बुडवली आणि मला दाखवली. आधी वाटलं पाणीच आहे. मग पाण्याला डोळे दिसले. काचेसारखी पिल्लं, कोळंबीची, बोयीची, आणखी कसली कसली, नखाएवढीही नाहीत. समुद्रातून येतात, इथं मोठी होतात, परत जातात. तारबेन म्हणाली, पूर्वी पाला मासाही इथून वर चढायचा अंडी घालायला, गाभुळलेल्या चिंचेसारखा भरलेला. आता वर बंधारा आहे, गोडं पाणी कमी येतं, पाला दिसत नाही. पण बाकीच्यांचं बाळंतपण अजून हीच आवरते, नदीकडे हात करून म्हणाली. हेमराज ती ओंजळ किती तरी वेळ धरून राहिला. मग त्यानं हात पाण्याखाली नेऊन सावकाश उघडला.

आणि मग नदी थांबली.

हसू नका. मी एवढा म्हातारा झालो, नदी थांबलेली कधी पाहिली नव्हती. पाणी खाली जात होतं, मंद झालं, आणखी मंद झालं. एक वाळलेलं पान तरंगत आलं आणि आमच्यासमोर उभं राहिलं. पुढं नाही, मागं नाही. बगळेसुद्धा पाय उचलायचे थांबले. तुम्ही मला वाटेल ते म्हणा, पण तिथं माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. सुभद्राला विचारा, असं यापूर्वी एकदाच झालंय, आमच्या लग्नात.

दुसऱ्या खुंट्यांवरची माणसं होडीत बसून त्या पानासारख्या गोष्टींकडे बघत होती. पान वर सरकलं की जाळं वळवायचं, असा त्यांचा हिशेब. हेमराजनं पानाकडे पाहिलंच नाही. खुंट्याला लावलेल्या तारबेनच्या होडीतून त्यानं हात लांब केला आणि खुंट्यावर तळवा टेकवला. डोळे मिटले. खात्यात मशीनवर ठेवायचा तसाच.

मला म्हणाला, "दाजी, वरची तापी अजून समुद्राकडं जातेय. खालची वळली."

मी पाण्यात बोट घालून चाखलं: गोडसर. मग वल्ह्याला डबा बांधून तळातलं पाणी काढलं: खारट, जिभेला चटका. खारं पाणी जड, ते तळातून घुसतं. गोडं हलकं, ते वरून निसटतं. एकाच नदीत दोन नद्या, एकीच्या पाठीवर दुसरी, तोंडं विरुद्ध दिशांना. आणि कोळंबी तळाच्या पाण्याबरोबर येते. म्हणजे जाळं आत्ता वळवायला हवं होतं, पान हलायच्या आधी. वरच्या गाठी होडीतून सुटल्या. खालच्या गाठी तळाशी, आदल्या दिवशीच्या हत्तीच्या गाठी, गाळात गच्च बसलेल्या.

आता इथं लक्ष द्या. कुणीतरी उतरायला हवं होतं. हेमराजला म्हटलं, तू लेकुरवाळा, तू थांब. दाजी कशाला असतो? आणि घेतली उडी.

डोळ्यांपुढे अंधार, चहाच्या गाळासारखा. खुंटा धरून खाली खाली गेलो तर काय सांगू, माझं डोकं समुद्राकडे ओढलं जात होतं आणि पाय खानदेशाकडे. मधे मी, पिळलेल्या धोतरासारखा. एका नदीत थंडी वाजत होती, दुसरीत नाही. पायांना गावाची ओढ आणि डोक्याला दर्याची. वाटलं इथंच लांब लांब होत जाऊन मी प्रकाशापर्यंत पोचतो की काय. कानात कसला तरी आवाज येत होता, चुटचुट, कडकड, भाजणीचे दाणे फुटल्यासारखा, सगळ्या तळातून. कोळंबीचा, खेकड्यांचा, शिंपल्यांचा, कोण जाणे. नदीचं पोट बोलत होतं.

गाठीला हात घातला तर गाठीपाशी जिताडा मासा. केवढा? संदीप, तुझ्या मशीनवरचा सूत गुंडाळलेला बीम आहे ना, तेवढा, वर डोकं वेगळं. डोळे सोन्याचे. माझ्याकडे बघितलं, गाठीकडे बघितलं, आणि दातांत दोरी धरून एक हिसका दिला. एक गाठ सुटली. दुसरी मी सोडली, म्हणजे अर्धी मी, अर्धी त्यानं. जाळं फिरवून बांधलं, वर आलो, श्वास घेतला तो पुढच्या आठवड्यापुरता.

आणि जाळं फुगलं. वर पान अजून उभंच, आणि खाली शेपटी भरत चाललेली. मग भरती आली, सगळी एकदम, काठ गिळत, तिवरं कमरेपर्यंत बुडवत. आम्ही जाळं ओढलं तेव्हा होडी एका अंगावर झुकली. राखाडी, पारदर्शक, उड्या मारणारी कोळंबी, जणू कुणी ओतून दिलीय. तारबेनचा दीर लांबून बघत होता, त्यानं विडी विझवली आणि होडी वळवली. तारबेन झोपडीत गेली, नवऱ्याची खुंटे ठोकायची लाकडी मोगरी घेऊन आली. त्यांच्यात ती दिली म्हणजे जागा दिली.

"आता ती मोगरी तिनं कुणापुढे धरली असेल?" मी नितीनला विचारलं. त्यानं खांदे उडवले. माझ्यापुढे, म्हटलं. म्हणाली, छगनभाई, पाण्यात तुम्ही उतरलात, जागा तुमची. मी म्हटलं, नको बेन, मला काय करायची. माझ्या मेहुण्याला द्या, पोराचे कान वाचतील. आणि आपल्या हातानं ती मोगरी हेमराजच्या हातात...

सुपाचा आवाज थांबला. सुभद्रा माझ्याकडे नाही, संदीपकडे बघून बोलत होती.

"त्या दिवशीचे दोघांचे कपडे मी धुतले. ह्यांचं धोतर मांडीपर्यंत चिखलाचं, तिथं पाय रुतून उभे होते म्हणून. वरचा सदरा कोरडा खडखडीत. खिशात काड्यापेटी होती, तिच्यातल्या काडीनं मी तेव्हाच गॅस पेटवला. आणि माझ्या भावाच्या कानातून पुढं कितीतरी दिवस गाळ निघत होता. तळाशी तो उतरला. हे काठावर होते."