चाकामागचा दगड

कळंबच्या भीमाआबांनी उभी हयात उसाच्या ट्रॉल्या कारखान्यावर ओढल्या होत्या. तेव्हा हिमाचलातली खिंड ती काय, असा त्यांचा तोरा. बायकोला, लीलाबाईंना बर्फ बघायचा होता, म्हणून आबांनी आपली बोलेरो काढली. तिकडचा ड्रायव्हर घ्या, असं पोरगा दिग्विजय म्हणाला, तर त्याला उडवून लावलं.

तसंही बापलेकांत बोलणं बेतानंच. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं चढाला चाकामागं लावलेला दगड रस्त्यातच सोडून दिला होता, त्यावर दिग्विजयची मोटारसायकल गेली आणि तो पायानं अधू झाला. आबा मात्र चारचौघांत सांगत, पोरगं बेभान पळवत होतं. ते दिग्विजयच्या मनातून गेलं नव्हतं.

खिंडीच्या शेवटच्या वळणावर बोलेरोनं मान टाकली. रस्ता म्हणजे नुसती खडी आणि बर्फाचं पाणी. विरळ हवेत इंजिनाला दम राहिला नाही, क्लचचा जळका वास सुटला आणि गाडी मागं दरीकडं सरकू लागली. आबांचा तोरा कुठल्या कुठं गेला. ते काही बोलायच्या आत लीलाबाई उतरल्या आणि आबांच्या ट्रॉलीमागं चढाला करत आल्या तेच त्यांनी केलं. गाडी हातभर पुढं सरकली की मागच्या चाकाला दगड. पुन्हा हातभर, पुन्हा दगड. मग चाकांनी एकदाची पकड घेतली. आता थांबलं तर परत घसरणार, म्हणून आबांनी गाडी थेट वरच्या सपाटीवर नेली.

बाई काही येईनात. आबा खाली धावले. धावले कसले, चार पावलांत धाप लागली. आपण हिला इथं आणून मारली, एवढंच डोक्यात.

लीलाबाई रस्त्यात उकिडव्या बसून दगड कडेला लोटत होत्या. ओठ निळे पडले होते. आबांच्या जिवात जीव आला आणि पाठोपाठ रागही. इथं श्वासाची मारामार आणि हिला झाडलोट सुचतेय, म्हणून ते करवादले.

"मागनं कुणाचं तरी पोरगं येत आसंल," लीलाबाई म्हणाल्या.

इतक्या हंगामांत आपल्या ट्रॉलीमागं लावलेला दगड आबांनी कधी काढला नव्हता. त्यांनी बायकोला कडेला बसवलं आणि उरलेले दगड स्वतः उचलले.

वर लीलाबाईंनी मूठभर बर्फ हातात घेतला, लई गार हाय म्हणाल्या. पलीकडं उतरल्यावर रेंज आली, तसा आबांनी घरी फोन लावला. दिग्विजयनं गाडीचं विचारलं.

"गाडी बरी हाय," आबा म्हणाले. मग म्हणाले, "दिग्या, तू पळवत न्हवतास. दगडच हुता."