पूल बंद आहे

मी दवाखान्यातला मोबाइल बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, स्पीकर केव्हाच गेलाय. मेसेजपुरता जीव उरलाय.

आधी मी सिस्टरांच्या पर्समध्ये असायचो. काच तडकली आणि ड्रॉवरमध्ये रवानगी झाली. तिथून मला उचललं इथल्या टेक्निशियनने. डायलिसिसची मशिनं चार आणि वाट बघणारी माणसं साठ. फोन करकरून सिस्टरांचा घसा बसायचा. त्याने फुकट मिळणारं, आतून उघडून हवं तसं बदलता येणारं सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवर चढवलं, मला वायरने जोडलं आणि कामाला जुंपलं. ‘जागा झाली आहे. उद्या सकाळी येणार? हो किंवा नाही लिहा. नाव काढायचं असल्यास बंद लिहा.’ उत्तर आलं की पुढचं सगळं आपोआप.

“सिस्टर, आता निवांत चहा प्या,” तो म्हणाला. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू!

पण माणसं कुठली एका शब्दात उत्तर देतात? ‘हो बाळा, डबा आणू का?’ असलं काहीबाही लिहायची. मग त्याने शक्कल लढवली. मेसेजमध्ये ठरलेला शब्द कुठेही सापडला, तरी तेच उत्तर धरायचं. सगळे खूश.

एका मावशींचा पाच महिन्यांनी नंबर लागला. तोवर जमेल तेव्हा, मिळेल तिथे त्या डायलिसिस करून घेत होत्या. त्यांनी लिहिलं, ‘पूल बंद आहे. वळसा घालून दुपारी आले तर चालेल का?’

मला ‘बंद’ तेवढा दिसला. लगेच कळवलं, ‘तुमचं नाव यादीतून काढलं आहे. धन्यवाद.’ जागा पुढच्याला दिली.

तीन आठवड्यांनी त्यांचे यजमान आले, हातात तो मेसेज उघडून.

“तिला वाटलं, तुम्हीच नको म्हणालात. मी म्हटलं, चल, विचारून तर येऊ. तर म्हणाली, डॉक्टरांनी विचार करूनच काढलं असेल, कशाला त्रास द्यायचा.”

“अहो, मग आत्ता घेऊन या ना त्यांना!” सिस्टर घाईने म्हणाल्या.

“रविवारी गेली ती.”

टेक्निशियनने तिथल्या तिथे चूक दुरुस्त केली. सॉफ्टवेअरमधली एकच ओळ होती. यजमान शेजारी उभे राहून बघत होते. “एवढंच होतं?” त्यांनी विचारलं.

मी अजून वायरला बांधलेला आहे. बॅटरी फुगलीय, माझं काही खरं नाही. पण माझ्यानंतर दुसरा कुणी इथे बसेलच, म्हणून हात जोडून सांगतो. असा मेसेज आला तर मुकाट्याने ऐकू नका हो. तो डॉक्टरांनी पाठवलेला नसतो, माझ्यासारख्याने पाठवलेला असतो, आणि मला काडीचं कळत नाही. तडक इथे या, आरडाओरडा करा, वाट्टेल ते बोला.

मावशी इथल्या कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत.