करपलेलं पातेलं

साहेब, तुम्ही निवड केलीच नाही. तुम्ही थट्टा केली.

सावद्याच्या आपल्या केळी पॅकिंगच्या शेडमध्ये मुकादमाची जागा भरायची होती. नावं दोनच, दिपमालाताईचं आणि माझं. तुम्ही तिला विचारलं, "अडचण आली की काय करता?" ती म्हणाली, "घरी करते तेच." तुम्ही शेजारच्या खुर्चीतल्या माणसाकडे बघून हसलात आणि म्हणालात, "बाई, इथे भाकरी नाही थापायची." मग तोच प्रश्न मला. मी म्हणालो, "सर, मी प्लॅनिंग करतो." झालं! योगेंद्र मुकादम.

माझं प्लॅनिंग बघायला तुम्ही माझ्या मोरीत यायला हवं होतं. रत्ना, म्हणजे माझी बायको, दिवसभर शिवणाच्या मशीनवर असते, म्हणून भांडी माझ्याकडे. मी आधी पेले घेतो. मग वाट्या, ताटं, चमचे. सगळं आरशासारखं लखलखीत. डाळ करपलेलं पातेलं मात्र पाणी घालून कोपऱ्यात ठेवतो. भिजू दे म्हणतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजू दे म्हणतो.

"अहो," रत्ना म्हणते, "ते पातेलं आता भिजत नाही, पोहतंय."

शेडमध्ये मी तेच केलं. मी मुकादम झाल्यावर केळीच्या फण्यांवर काळे डाग पडायला लागले आणि व्यापारी माल परत पाठवायला लागला. मी काय केलं? फरशी धुऊन घेतली. बायांना नव्या टोप्या आणल्या. खोक्यांवरचे स्टिकर सरळ रेषेत आणले. तुम्हाला फोटो पाठवले, तुम्ही शाबासकीचा अंगठा पाठवलात. नियम तर मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला होता की फण्या धुण्याची टाकी एक मिनिटही रिकामी दिसता कामा नये. डाग तसेच राहिले, पातेल्यासारखे.

तेवढ्यात चैत्र आला आणि दिपमालाताईच्या गच्चीवर बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, दिवस ठरला. ज्वारीचा घाटा शिजवायचा, ओल्या कापडावर थापायचा, वाळला की सोडवायचा. गल्लीतल्या बाया मिळून करतात. रत्ना निघाली तेव्हा मीही मागे लागलो. मुकादम आहे ना, कुठेही मुकादमकी करायची खोड.

घाटा खाली अंगणात चुलीवर होता. तिथे ताईची सासू भिकुबाई बसलेली. माहेर शिंदखेड्याकडचं, त्यामुळे बोलणं अजून तिकडचंच, अहिराणी. मी म्हटलं, अक्का, तुम्ही घाटा बघा, वरचं माझ्याकडे. सगळी कापडं भिजवली, गच्चीभर ताणून अंथरली, कडांना विटा ठेवल्या. एक सुरकुती नाही. फोटोही काढला.

घाट्याचं पहिलं पातेलं वर आलं तोवर उन्हानं कापडं कडक केली होती. पहिल्या दोन रांगा थापल्या त्या अशा चिकटल्या की बोटानं उचलायला गेलं तर भोकं पडत होती.

पातेल्यामागोमाग वर आलेल्या भिकुबाईनं कमरेवर हात ठेवले. "ओ भाऊ, हाई काय करं तू? बठ्ठा कपडा सुकी गयात ना!"

मी घाबरलो आणि घाबरलो की मी करतो ते सगळं केलं. बादली आण, विटा हलव, तू इकडे ये, तू तिकडे जा. बाया एकमेकींना धडकायला लागल्या.

दिपमालाताई काय करत होती? ती पायरीवर बसून वाटीत गरम घाटा घेऊन त्यावर तेल ओतत होती.

"ताई, इथे आग लागली आहे आणि तुम्ही खाताय?"

"आग चुलीत आहे. लाकडं थोडी बाहेर ओढा, अक्का," ती खाली निघालेल्या भिकुबाईला म्हणाली. मग मला म्हणाली, "बसा भाऊ. घाटा झाकला की गरम राहतो. घाई त्याला नाही, तुम्हाला आहे. खा आधी."

मी खाल्लं. लसूण, तीळ, कच्चं तेल. साहेब, असं सुख तुमच्या केबिनमध्ये मिळत नाही.

मग ती उठली. एकच कापड भिजवलं, भरलं. ते संपत आलं तेव्हा दुसरं भिजवलं. चिकटलेल्या दोन रांगांच्या कापडाला मागून पाणी मारलं आणि सोडून दिलं. "अर्ध्या निघतील, अर्ध्या तुमच्या नावावर," म्हणाली. दुपारपर्यंत गच्ची भरली.

रत्ना जिना उतरताना म्हणाली, "नशीब, घाट्याला टोपी नाही घातली तुम्ही."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी ताईला बाजूला घेतलं. "डागांचं तुम्ही बघा. काय वाटेल ते करा."

"मला काय माहीत डाग कशाचे? बघू तरी द्या." तिला आधी वाटलं, धुण्याच्या पाण्यात तुरटी कमी पडते. टाकीत तुरटी वाढवली, डाग होते तसेच. "चुकलं," म्हणाली आणि काम थांबवून चहा सांगितला. चहा घेता घेता घडातून फण्या कापणाऱ्या सुगंधाबाईला विचारलं, "तू कापलेली फणी पूर्वी खाली ठेवायचीस ना गं?"

"ठेवायची. कापलेली बाजू खाली करून. चीक गळून जायचा. आता कुठं? मुकादम बोंबलतो ना, टाकी रिकामी, टाकी रिकामी!"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मीही हसलो. दुसरं काय करणार? माझा नियम मीच फळ्यावरून पुसला. डाग त्या चिकाचेच होते; फण्या आता तो गळेपर्यंत थांबायला लागल्या. टाकी मधून मधून रिकामी दिसते, दिसू दे. माल परत यायचा थांबला.

तेव्हापासून शेड ताई चालवते. मी गाड्या लावतो, वजन बघतो, ती सांगेल ते करतो, आणि खरं सांगतो, बरं चाललंय माझं. जेवण पचतं. घरी पातेलं आधी घासतो, पेले नंतर. रत्नाला अजून विश्वास बसत नाही, ती येऊन वास घेऊन बघते. बाया कामावर येताना गाणी म्हणतात. नाव तेवढं चुकीच्या माणसाचं आहे.

आणि आता तुमचा निरोप आलाय. उत्तम मुकादम म्हणून जळगावच्या बैठकीत माझा सत्कार करणार आहात. साहेब, मी येणार नाही. डाग कुणी काढले ते शेडमधल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे, कारण मी दोनदा फोनवर सांगितलं आणि दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "बघू नंतर."

नंतर नको. तिच्या हाताखाली काम करायला मला लाज नाही, तुम्हाला तिला खुर्ची द्यायला कसली लाज वाटते? दिपमालाताई मुकादम होणार की नाही? हो तर हो, नाही तर का नाही, ते शेडमध्ये येऊन तिच्या तोंडावर सांगा. कधी येताय?