रिकामा डबा धाडायचा नाही

मी दिघे डॉक्टरांचा तीन कप्प्यांचा पितळी डबा बोलतोय. हसू नका. एके काळी मी वैद्यकीय संशोधनात होतो.

डॉक्टरांच्या लग्नात आहेर म्हणून मी कर्जतला आलो. अंगावर त्यांचं नाव कोरलेलं, त्यामुळे मला पहिल्यापासूनच शिंगं फुटलेली. पुढं डॉक्टर कॅन्सरच्या रोग्यांच्या आहाराचा अभ्यास करू लागले. अन्नानं कॅन्सर जात नाही, पण उपचार सोसायला अंगात ताकद लागते. ती घरच्या अन्नानं टिकते का, हे त्यांना बघायचं होतं.

कशेळ्याच्या पुतळाबाईला दिवाळीनंतर मुंबईच्या इस्पितळात शेक द्यायचे होते. कॅन्सरवरच्या किरणांच्या उपचाराला आमच्याकडे शेकच म्हणतात. वजन आणखी उतरलं तर शेक देता येणार नाहीत, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मग पुढं काय, हे तिच्या घरात कुणी बोलत नव्हतं.

म्हणून मी रोज सकाळच्या एसटीनं कशेळ्याला जायचो. खाली नाचणीचं सत्त्व, मध्ये मुगाची उसळ आणि वरच्या कप्प्यात भाताच्या तुसात ठेवलेली कच्ची अंडी. कंडक्टर मला सीटखाली ढकलायचा, पण माझा थाट असा, की गाडी जशी माझ्यासाठीच सोडलीय. संध्याकाळी पुतळाबाईचा नवरा श्रीपत मला परतीच्या गाडीत ठेवायचा.

परत येताना माझ्यात अंडी असायची. डॉक्टर खूश. बाईच्या कोंबड्या गुणी आहेत म्हणायचे आणि ऑम्लेट करायला सांगायचे. तेच तूस, तीच अंडी, पण एवढ्या शिकलेल्या माणसाला शंका येईल तर शपथ. मला सगळं कळत होतं. पण डब्याला विचारतो कोण?

पुतळाबाईचं वजन काही वाढेना. डॉक्टरांनी अंडी वाढवली. परत येणारी अंडीही वाढली. डॉक्टरांच्या सदऱ्याची बटणं ताणायला लागली. संशोधन छान चाललं होतं, फक्त चुकीच्या माणसावर.

शेवटी काळजीनं डॉक्टर मला मांडीवर घेऊन स्वतःच कशेळ्याला गेले. पुतळाबाई भिंतीला टेकून बसली होती. हात उचलला की बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. घरच्या कोंबड्यांची अंडी तुम्हीही खात जा, असं डॉक्टर तिला समजावू लागले.

"कोंबड्या कुठल्या, डॉक्टर? मुंगसानं एक ठेवली नाय. ती तुमचीच अंडी हायत."

"मग परत का पाठवता?"

"दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं धाडायचं? घरात दुसरं काय नव्हतं."

डॉक्टर आधी चिडले, मग कपाळाला हात लावून बसले. परोपरीनं सांगून पाहिलं, बाई बधेना. तेव्हा ते म्हणाले, "हा डबा आजपासून तुमचा. परत धाडायचाच नाही."

मला विचारलंसुद्धा नाही! दिघ्यांच्या फडताळातून मी चुलीशेजारच्या फळीवर आलो. रागानं कित्येक दिवस मी झाकण नीट बसू दिलं नाही. पुढं अंडी पुठ्ठ्याच्या खोक्यातून यायला लागली. खोकं परत करायची रीत नाही, म्हणून पुतळाबाई ती खाऊ लागली.

दिवाळीनंतर तिचे शेक सुरू झाले आणि सगळे पुरे झाले. डॉक्टरांनी परिषदेत निबंध वाचला. एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, असं त्यांनीच त्यात लिहिलं होतं. नाचणीचं नाव होतं, अंड्यांचं होतं. माझं नव्हतं. आणि सगळ्यात जास्त फरक ज्या पोटाला पडला, त्याचं तर नव्हतंच नव्हतं.

कितीतरी वर्षांनी डॉक्टरच आजारी पडले. त्याच आजारानं. पुतळाबाई मला घेऊन कर्जतला गेली. नाचणीची पेज आणि आता खरोखर स्वतःच्या कोंबड्यांची अंडी. डॉक्टरांना उठून बसवत नव्हतं. तरी ती निघाली तेव्हा त्यांनी बायकोला हाक मारली, डब्यात काहीतरी घाल, बाईंना रिकामा चालत नाही.

पुतळाबाईनं माझं झाकण लावून टाकलं. "रिकामाच न्यायचा हाय, डॉक्टर. आधी तुमी खावा."

येताना एसटीत मी सारखा खडखडत होतो. एरवी मला त्याची भारी लाज. त्या दिवशी वाटली नाही. पुतळाबाई मला पोटाशी धरून रडत होती.

आता माझी कल्हई गेलीय, एक कप्पा हरवलाय, नाव तेवढं शाबूत आहे. तुमच्या घरी आजारी माणसासाठी कुणाचा डबा आला, तर खुशाल रिकामा धाडा. आम्ही डबे एवढं मनावर घेत नाही.